बंदुकीचे गिऱ्हाईक आणि भेटीची जागा

हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा घराघरांतून चकलीचा वास येत असेल आणि पोराटोरांच्या हातांत टिकल्यांची पिस्तुले आली असतील. आमच्या नातवाने तर वसुबारसेची वाट न पाहताच आपले पिस्तूल पैदा केले आहे. इस्त्रीवाला, पेपरवाला, शेजारच्या काकू, कोणीही दारात आले की हा 'हात वर!' म्हणून उभा. टिकली फुटते, धूर निघतो, काकू खोटेच घाबरतात आणि सगळे हसतात.

यंदा मला मात्र तितकेसे हसू आले नाही. कारण ज्येष्ठापासून गणपतीपर्यंत माझ्या डोक्यात एक खरी बंदूक बसली होती.

वाचक म्हणतील, या सदरात आपण आजवर घरभाड्यापासून मृत्युपत्रापर्यंत सगळे बोललो, पण बंदूक? मध्यमवर्गीय माणसाच्या घरात उंदराचा पिंजरा असतो, बंदूक कुठली? माझाही असाच समज होता. पण ज्यांचे काका-मामा गावी बागायत करतात त्यांनी जरा आठवून पाहावे. माजघरातल्या कपाटात गवसणीत घातलेली एक लांबोडकी वस्तू लहानपणी पाहिल्याचे पुष्कळांना आठवेल. 'हात लावायचा नाही' एवढीच तिची आपल्याशी ओळख. पुढे माणसे म्हातारी होतात, मुले शहरात बिऱ्हाडे करतात आणि एके दिवशी प्रश्न पडतो, की आता हिचे करायचे काय?

आमचे आप्पा म्हणजे माझे थोरले चुलत बंधू. वय ७८. रत्नागिरी जिल्ह्यात त्यांची आंबा-काजूची बाग. बारा बोअरची दुनळी बंदूक आणि तिचा शेतीसंरक्षणाचा परवाना, ही त्यांची तरुणपणापासूनची मिळकत. १९७२ साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा आला आणि शिकारीच्या हौसेला चाप बसला. तेव्हापासून आप्पांच्या बंदुकीचे काम एवढेच उरले, की रानडुकरांचा कळप बागेत शिरला म्हणजे हवेत बार काढून त्याला पिटाळायचे. आता गुडघे धरले. मुलगा म्हणाला, "पुरे झालं, ठाण्याला चला." आप्पा कसेबसे तयार झाले. पण दोन लहान नातवंडे असलेल्या तीन खोल्यांच्या घरात बंदूक न्यायची नाही, यावर वहिनी, मुलगा आणि सून या तिघांचे एकमत झाले. आमच्या घराण्यात असे एकमत सहसा होत नाही!

"तू जन्मभर कचेरीत कागद चाळलेस," आप्पा मला फोनवर म्हणाले. "एवढं माझं काम मार्गी लाव. गिऱ्हाईक मी बघतो."

गिऱ्हाईक बघायला त्यांना फार लांब जावे लागले नाही. गावात एकाला सांगितले की तालुक्याला कळते. आठ दिवसांत तीन माणसे पुढे आली आणि प्रत्येकाने भेटीची जागा आपण होऊन सुचवली. त्या तीन जागांनी मला जे शिकवले ते आज वाचकांना सांगायचे आहे.

पहिल्याचा आवाज तरुण आणि मोठा गोड. "काका, तुम्ही सांगाल त्यावर दहा हजार जास्त देतो. रोख. रात्री नऊच्या सुमाराला महामार्गावरच्या ढाब्यावर या. मागच्या बाजूला गाडी लावतो. कागदांचं काय, मागाहून बघू."

दुसरा भारदस्त होता. "तुम्ही वयस्क माणसं, कशाला त्रास घेता? आम्हीच घरी येतो. मी आणि माझे दोन मित्र. बंदूक बघतो, पसंत पडली तर तिथल्या तिथे पैसे."

तिसरा बिचारा सज्जन वाटला. "तालुक्याच्या एस.टी. स्टँडवर भेटू या. चारचौघांत असलेलं बरं. कोणाला भीती नको."

आप्पांना तिसरा पटला होता, पण मन पहिल्याकडे ओढत होते. दहा हजार म्हणजे काही थोडेथोडके नव्हेत. मी काही बोलण्याआधीच वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "त्या गड्याचा गुडघा विसरलात वाटतं?"

आप्पा गप्प झाले. ही गोष्ट आमच्या घरात मोठ्याने बोलली जात नाही. पुष्कळ वर्षांपूर्वी शेजारच्या बागेचा मालक तिन्हीसांजेला आला. डुकरे शिरली आहेत, घटकाभर बंदूक द्या म्हणाला. परवाना आप्पांच्या नावाचा. बंदूक दुसऱ्याच्या हाती अशी द्यायची नसते, हे त्यांना ठाऊक होते. पण शेजारधर्म! पडवीत उभ्याउभ्या त्यांनी ती दिली. अंधारात झुडूप हलले आणि त्याने बार टाकला. झुडपामागे डुक्कर नव्हते, पाणी सोडायला गेलेला बागेतला गडी होता. जीव वाचला, पण पाय कायमचा अधू झाला. पुढे चौकशी झाली, परवाना बरीच वर्षे अडकला. औषधपाण्याचा खर्च आप्पांनी केला. पण वहिनी म्हणतात ते खरे. बार त्यांनी टाकला नव्हता आणि तरीही आजतागायत तो त्यांच्याच कानांत वाजतो आहे.

तेव्हा प्रश्न असा होता, की बंदूक आपल्या हातातून जाताना ती कोणाच्या हातात जाते, हे आपल्याला कळणार कसे? माणसाच्या पोटात शिरून पाहता येत नाही. मग मला वाटले, निदान तो कुठे भेटायला बोलावतो ते तर पाहता येते.

ढाब्यावर, रात्री, गाडीच्या मागे आणि कागदांशिवाय. या चार गोष्टी ज्याला एकदम सुचतात, त्याला बंदूक कशाला हवी ते विचारण्याची गरजच नाही. शिवाय तिथे आप्पांच्या हाती रोख पैसे आणि समोरच्याच्या हाती बंदूक असणार. अशा वेळी पैसे कोणाकडे राहतील हे सांगायला ज्योतिषी नको.

घरी येतो म्हणणाऱ्याबद्दल आप्पांना काही वावगे वाटले नाही. पाहुण्याला नको कसे म्हणायचे? पण वाडीच्या टोकाला घर, राहायला दोन म्हातारी माणसे. तीन अनोळखी इसमांना दार, खिडक्या, कपाट आणि त्या कपाटाची किल्ली कुठल्या खुंटीला असते, एवढे सगळे दाखवायचे? सौदा न जमता ते परत गेले, तरी माहिती त्यांच्याबरोबर जाणार. पुढे दोन महिने वहिनींना झोप लागली नसती.

आणि एस.टी. स्टँड? गर्दीत चोरी-मारामारी होणार नाही, हे एकवेळ खरे. पण बंदूक घेणारा ती उघडून, नळ्या उजेडाकडे धरून पाहणार. स्टँडवर गवसणी सुटली की बायका पोरांना घेऊन पळतील, नाहीतर पन्नास माणसे तमाशा बघायला जमतील. गर्दी पाहते पुष्कळ, पण साक्षीला कोणी येत नाही.

रविवारी अमेरिकेहून माझ्या भाच्याचा फोन येतो. त्याला सहज हा घोळ सांगितला, तर तो हसला नाही. "मामा, इथे हा नेहमीचा प्रश्न आहे," म्हणाला. परवाना असलेल्या दुकानदाराकडून बंदूक घेतली तर तिथे गिऱ्हाइकाला फॉर्म भरावा लागतो आणि सरकारदरबारी त्याची चौकशी होते. त्यासाठीची देशभरची यंत्रणा १९९८च्या नोव्हेंबरात सुरू झाली. पण एका खासगी माणसाने आपल्याच राज्यातल्या दुसऱ्या खासगी माणसाला बंदूक विकली, तर ही चौकशी करण्याची सक्ती केंद्राच्या कायद्यात नाही. कॅलिफोर्नियासारख्या राज्यांनी असा सौदाही दुकानदारामार्फतच व्हावा असे ठरवून टाकले आहे. जिथे असा नियम नाही तिथे कुठे भेटायचे, काय विचारायचे, हे ज्याचे त्याने पाहायचे.

"मग शहाणी माणसं करतात काय?" मी विचारले.

"शहाणी माणसं बंदुकीच्या दुकानात भेटतात. दुकानदार थोडी फी घेतो, पण चौकशी करून कागद करून देतो. कोणी पोलीस ठाण्याच्या अंगणात भेटतात. जाहिरातीवरून घेतलेल्या-विकलेल्या वस्तूंच्या देवघेवीसाठी कित्येक ठाण्यांनी कॅमेरे लावलेल्या जागा आखून ठेवल्या आहेत. पण तिथे बंदूक आणलेली सगळ्यांना चालत नाही, म्हणून आधी फोन करून विचारायचं. आणि मामा, एक युक्ती सांगू? जागा आपण सुचवायची आणि समोरच्याचं तोंड बघायचं. दुकानाचं किंवा ठाण्याचं नाव काढल्यावर जो का-कू करतो, त्याला तिथेच नमस्कार."

ही युक्ती मला फार आवडली. तिला ना खर्च ना कष्ट. आप्पांना मी तिन्ही गिऱ्हाइकांना एकच निरोप द्यायला सांगितले: "अगोदर आपला परवाना दाखवा. भेट जिल्ह्याच्या गावी, परवानाधारक विक्रेत्याच्या दुकानात. दिवसाउजेडी." पहिल्याने फोन आपटला. दुसरा म्हणाला, मित्रांशी बोलून कळवतो. ते मित्र अजून बोलताहेत! तिसरा खरोखरच सज्जन निघाला. तो म्हणाला, "माझा परवाना अजून व्हायचाय हो. मला वाटलं, आधी बंदूक घ्यायची आणि मग परवाना." त्याला मी समजावून सांगितले. भोळेपणानेही माणूस तुरुंगाच्या दारापर्यंत जाऊ शकतो.

आपल्याकडचा कायदा या बाबतीत अमेरिकेपेक्षा कडक आहे आणि तो १९५९चा आहे. त्याच्या पाचव्या कलमात म्हटले आहे, की स्वतःच्या वापरासाठी कायदेशीरपणे बाळगलेली बंदूक खासगी माणसाला विकता येते. मात्र घेणारा ती बाळगण्यास पात्र हवा. विकण्याचा आपला इरादा आणि घेणाराचे नाव-पत्ता जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याच्या अधिकाऱ्याला लेखी कळवला पाहिजे आणि कळवल्यापासून निदान ४५ दिवस गेले पाहिजेत. काडतुसांनाही हाच नियम. समोरचा पात्र आहे की नाही याची आधी खात्री न करता हत्यार त्याच्या हाती देणे, हाही गुन्हाच. 'मला काय ठाऊक' ही सबब तिथे चालत नाही.

चौथे गिऱ्हाईक आले ते दुसऱ्या तालुक्यातून आणि ते गिऱ्हाईक म्हणजे एक बाई होत्या. यजमान वारलेले, काजूची मोठी बाग, स्वतःच्या नावाचा शेतीसंरक्षणाचा परवाना. आप्पांनी आपला ठरलेला निरोप सांगायला तोंड उघडले, तर त्याच आधी म्हणाल्या, "हे पाहा, मी एकटी बाईमाणूस. अनोळखी घरी मी येणार नाही आणि माझ्या घरीही तुम्ही येऊ नका. दुकानात भेटू. आणि तुमच्या परवान्याची नक्कल मला आधी पाठवा. बंदूक तुमचीच आहे हे मला कळायला नको का?"

आप्पांनी फोन ठेवला आणि माझ्याकडे पाहिले. मीही ओशाळलो. इतके दिवस आम्ही दोघे विकणाराच्याच भीतीचा हिशेब करत होतो. घेणारालाही भीती असते, तोही पैसे घेऊन परक्या माणसापुढे उभा राहतो, बंदूक चोरीची निघाली तर तोच अडकतो, हे आमच्या ध्यानातही आले नव्हते. चांगली जागा म्हणजे दोघांनाही सारखीच परकी आणि दोघांनाही सारखीच आधाराची.

अर्ज मी लिहिला. बंदुकीचा नंबर, परवान्याचा नंबर, काडतुसे किती, बाईंचे नाव, पत्ता आणि त्यांच्या परवान्याचा तपशील. ठाण्यात देऊन दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली. ती पोच घेतल्यावाचून खिडकी सोडू नये, हा माझा कचेरीतला चाळीस वर्षांचा धडा. मग ४५ दिवस. आमच्याकडे लग्नाची बोलणीसुद्धा याहून लवकर उरकतात! मधल्या काळात पहिल्या गोड आवाजाचा पुन्हा फोन आला. आता पंधरा हजार जास्त होते. या खेपेस फोन वहिनींनी घेतला. काय बोलल्या ते ठाऊक नाही, पण तो आवाज पुन्हा आला नाही.

मुदत सरल्यावर श्रावणातल्या एका सकाळी आम्ही जिल्ह्याच्या गावी गेलो. बंदूक रिकामी, गवसणीत. काडतुसे वेगळ्या डब्यात. परवाना आप्पांच्या खिशात, आणि त्या खिशावर सारा वेळ त्यांचा हात. दुकान छोटेसेच. काचेचे टेबल, वर ट्यूबलाइट, भिंतीवर परवान्याची चौकट आणि गल्ल्याशेजारी जाडजूड नोंदवही. ही वही सरकारी अधिकारी तपासतात, म्हणून तिच्यात खाडाखोड करण्याची दुकानदाराची छाती होत नाही. मला त्या दुकानात सगळ्यात विश्वासाची वस्तू ती वहीच वाटली.

बाई भावाला घेऊन आल्या होत्या. दोन्ही परवाने टेबलावर आले. दुकानदाराने चष्मा लावून मुदती वाचल्या, बंदुकीचा नंबर परवान्यातल्या नंबराशी ताडून पाहिला. मग बंदूक उघडून दोन्ही नळ्या रिकाम्या असल्याचे आधी स्वतः पाहिले, मग आप्पांना दाखवले, मग बाईंना. पैसे बँकेतून बँकेत गेले. नोंदी झाल्या, सह्या झाल्या. कोणी आवाज चढवला नाही की कोणाची घाई नव्हती. ढाब्यावर पाच मिनिटांत झाले असते ते काम इथे दोन तास चालले, आणि त्या दोन तासांत तीन माणसांनी तीन वेळा 'थांबा, हे पाहून घेऊ' म्हटले.

निघताना आप्पा बाईंना म्हणाले, "एक सांगू? मागितलंत तर बंदुकीसाठी सगळे सल्ले देतील. माझा एकच. अंधारात झुडूप हललं तर बार हवेत टाका, झुडपावर टाकू नका. आणि शेजाऱ्याला देऊ नका. कितीही मागू दे." बाईंनी त्यांच्याकडे क्षणभर पाहिले आणि का म्हणून विचारले नाही. "नाही देणार," एवढेच म्हणाल्या.

वाचकांपैकी कोणाच्या घरी असा प्रसंग आला तर थोडक्यात सांगतो. परवाना वारसाहक्काने मिळत नाही. बंदूक ज्यांच्या नावावर होती ते वारले असतील, तर 'बाबांची आठवण' म्हणून ती कपाटात ठेवू नका. विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्या. जमा केली म्हणजे गेली असे नाही. ठरलेल्या मुदतीत वारसाला स्वतः परवाना मिळवून ती परत घेता येते, किंवा पात्र माणसाला विकून पैसे घेता येतात. मुदत उलटू दिली तर मात्र ती सरकारजमा होऊ शकते. २०१९च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच बंदुका बाळगता येतात, पूर्वी तीन चालत. हेही मोजून पाहावे.

आणि विकायचीच असेल तर जागा आपण ठरवा. जिथे टेबल आहे, उजेड आहे, दोघांच्याही नात्यातला नसलेला जाणता माणूस आहे आणि जिथे नोंद राहते, अशी. ठाण्यातल्या अधिकाऱ्याला विचारा, तो जवळचा विक्रेता सांगेल. आपले घर नको, त्याचे घर नको, हॉटेल नको, रस्ता नको, शाळेचे आवार तर नकोच नको. आणि ती जागा ऐकून ज्याचा उत्साह मावळतो, त्याच्या दहा हजारांकडे पाहू नका.

गणपतीत मी गावी गेलो होतो. आप्पांचा तिथला हा शेवटचाच गणपती. आरतीनंतर तो गडी आला, दर वर्षी येतो तसा, पाय ओढत. आता त्याचेही केस पिकले. प्रसाद घेतल्यावर त्याची नजर माजघरातल्या रिकाम्या कपाटाकडे गेली.

"आप्पा, बंदूक काय केलीत?"

"दिली."

"कोणाला?"

"एका बाईंना. बंदूक बघण्याआधी त्यांनी माझा परवाना बघितला."

गडी थोडा वेळ गप्प राहिला. मग "बरं झालं" म्हणाला आणि मोदकाचे पान मुलांसाठी बांधून घेऊन उठला. आप्पा त्याला पायरीपर्यंत हात द्यायला गेले.

आमच्या नातवाचे टिकल्यांचे पिस्तूल मी काढून घेतलेले नाही. दिवाळी आहे, पोरांनी खेळावे. फक्त एवढेच सांगितले, की टिकली फोडायची ती आकाशाकडे तोंड करून. शेजारच्या काकूंनी खोटेखोटेसुद्धा घाबरू नये.

सर्व वाचकांना ही दिवाळी सुखाची जावो.